तोंडपाठ चाचणी

बाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली त्याला काही महिने उलटले होते. हातपाय पूर्ववत चालू लागले, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. पण बाईंना स्वतःचाच भरवसा वाटेना. अर्धं आयुष्य त्यांनी मुलांची बुद्धी मोजण्यात घालवलं होतं. आता बोलता बोलता साधा शब्द अडला तरी त्या धास्तावायच्या. आपलंच डोकं अधू झालं असेल, तर दुसऱ्याच्या मुलाचा अहवाल कोणत्या तोंडाने लिहायचा? म्हणून आज त्या स्वतःच्याच बुद्धिमापन केंद्रात, टेबलाच्या पलीकडच्या, मुलांच्या खुर्चीत येऊन बसल्या.

समोर त्यांनीच शिकवून तयार केलेली सहायिका. तिने पहिला प्रश्न अर्धा वाचला आणि बाईंनी उत्तर दिलं. दुसऱ्याचंही तेच. थोड्या वेळाने तिने पुस्तिका मिटली.

"मॅडम, हे काही खरं नाही. तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे."

"असू दे ना. गुण तर चांगले पडतील."

"हे एखादी आई म्हणाली असती, तर तुम्ही तिला दारातून परत पाठवलं असतंत."

सहायिका आतून नव्या चाचणीची पेटी घेऊन आली. बाई रजेवर असताना आलेली, त्यांनी उघडूनही न पाहिलेली. त्यात शब्द, तर्क, आठवण यांचे नवे प्रश्न होते; पण आधी चित्राप्रमाणे ठोकळे जुळवायचे होते. बाईंनी एक ठोकळा फिरवला, पुन्हा फिरवला.

"बरोबर आलं का गं?"

"तुम्ही मनापासून करताय. असंच चालू द्या."

हे उत्तर त्यांनीच तिला शिकवलं होतं, कोऱ्या चेहऱ्यासकट. आज पहिल्यांदाच त्यांना ते देणाऱ्याचा गळा धरावासा वाटला.

चाचणी संपल्यावर सहायिकेने बेरीज केली, तक्ता दोनदा पडताळला आणि मगच तोंड उघडलं.

"सरासरी. वेग थोडा मंदावलाय, अहवाल लिहायला वेळ लागेल. बाकी शब्द, तर्क, आठवण, सगळं जागेवर आहे."

बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. 'सरासरी' हा शब्द ऐकून पडलेले आईबापांचे चेहरे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. 'अहो, चांगलंच आहे की' असं त्यांना समजावताना स्वतःलाही ते फारसं पटत नसे. आज मात्र कान निवले.

बाहेर नवरा येरझाऱ्या घालत होता.

"काय निघालं?"

"सरासरी."

"मग इतकी वर्षं मला अक्कल शिकवलीस ती कशाच्या जोरावर?"

"तुम्ही आधी तपासून घ्या, मग बोलू," बाई हसत म्हणाल्या. मग आत वळून त्यांनी सहायिकेला सांगितलं, "उद्या सकाळचं पहिलं मूल माझ्याकडे लाव. पुढची वेळ मोकळी ठेव, मी सावकाश लिहीन."