चौथं कडवं

कागदाच्या कोपऱ्याला लावलेली हळद बोटाला लागली आणि कमलाला वाटलं, हात धुवावा... पण समोर भावजय बसलेली, आणि श्रीविद्यानंच तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमहून एवढ्या उन्हात हा कागद आणलेला — परवा तिच्या लेकीच्या, सुप्रीताच्या लग्नात वाटायच्या मंगलाष्टकांचा. खाली, नेहमीसारखं, ‘रचना : कमलाआत्या’.

सव्वीस वर्षं नात्यातल्या प्रत्येक लग्नात हे नाव छापलं गेलं. शाळेत मराठी नव्हतंच तिला. वृत्तं आली ती जुन्या लग्नांच्या कागदांवरून, बोटं मोजत — चोरून म्हणा हवं तर. पण ज्याचं उचललं त्याचं नाव ठाऊक असायचं, आणि तो कुठल्या मुंजीत समोर आला की पंगतीत ती जागा बदलायची.

“चौथं कडवं वाचलं, अक्का,” श्रीविद्या म्हणाली. “ऑटोतच रडले. तो ऑटोवाला घाबरून विचारतो, एनायितु अम्मा? काय झालं म्हणून!”

चौथं. ‘बोटाला धरुनी जिला शिकविले चालावया अंगणी...’

नेमकं तेच. बाकीची सात कमलाची. या एकावर ती तीन दिवस अडलेली. सुमंत, तिचा धाकटा भाऊ, सुप्रीताचा बाप, दोन वर्षांपूर्वी गेला. लहानपणीच्या पोलिओनं त्याचे पाय नेलेले, आणि पोर पहिली पावलं टाकायला शिकली ती त्याच्या कुबडीला धरून — तो भिंतीला टेकून उभा, आणि ही कुबडीभोवती गोल गोल... सांगण्यासारखं होतं ते एवढंच. पण लोकांच्या हातात अक्षता, आणि कडव्यात कुबडी? कोण काय म्हणेल! शेवटी कंटाळून तिनं फोनमधल्या एआयला सांगितलं, वधूचे वडील नाहीत, एक कडवं दे. चहाला उकळी यायच्या आत दिलं त्यानं. वृत्तात चोख. बोट धरून चालवणारा बाप — कुणाचाही. पायांचं तिनं सांगितलंच नव्हतं. आणि वाचल्यावर बदललंही नाही. कानाला गोड लागलं, बस्स.

“दोन्ही हात कुबड्यांत अडकलेला माणूस बोट कुठून देणार?” श्रीविद्या म्हणत होती. “आधी वाटलं, अक्का चुकल्या. मग कळलं. लेकीच्या लग्नात तरी त्यांना मोकळं चालवलंत तुम्ही. मुद्दाम. दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं हे.”

कमलानं तोंड उघडलं. सांगून टाकावं — मला नाही सुचलं; कुणालाच नाही सुचलं; तुला जी माया दिसली ती लिहिताना कुठेच नव्हती... मग आली कुठून? हिनंच ऑटोत बसून घातली? तर मग ‘रचना : श्रीविद्या’ छापायला हवं... नको तिथं हसू आलं तिला. आणि सांगितलं, तर परवा ती ओळ आली की ही बाई उभी कशी राहणार? नाही सांगितलं, तर तो भिंतीला टेकलेला सुमंत... माझ्यामागे तो कुणाच्या आठवणीत राहील?

“बोला की अक्का. कसं सुचलं?”

“अगं... असंच. स्वल्प उशिराच सुचलं.”

श्रीविद्या डोळे पुसत पाणी प्यायला आत गेली. कमला बसून राहिली, आणि तिला आठवू लागलं — सकाळ असावी, मी भाजी चिरत होते, खाली रस्त्यावरून कुणी बाप पोरीला बोट धरून नेत होता, आणि एकदम सुमंत डोळ्यांपुढे... हो, तेव्हाच. भाजी कसली? दोडका, बहुतेक.

दोडकाच होता.