रंगाऱ्याच्या बादलीतली ढोबळी मिरची

मित्रांनो, माझ्या पोटात आता माती असली तरी मी मुळात रंगाची बादली. पत्र्याची, एका बाजूनं चेपलेली, कडी गंजलेली. अंगावर ओघळलेले रंग बघाल तर तुम्हालाच चक्कर येईल.

माझा मालक रंगारी होता. मला शिडीला अडकवून त्यानं गावभर लोकांच्या भिंती रंगवल्या. लोक भिंतींचं कौतुक करायचे. तो मात्र घरी निघताना मला थोपटून म्हणायचा, "चल गं, झालं आपलं काम." एवढ्यानंही मला धन्य वाटायचं.

मग त्याच्या छातीनं दगा दिला. शिडी सुटली, पुढे जिनाही सुटला. खिडकीजवळची खाट तेवढी राहिली. पण स्वस्थ पडून राहील तर तो कसला रंगारी! एके दिवशी उठून बसला आणि खिळा ठोकून त्यानं माझ्या बुडाला भोकं पाडली. मी हादरलेच. वाटलं, संपलं आपलं. पण त्यानं माझ्यात माती भरली, ढोबळी मिरचीचं रोप लावलं आणि मला खिडकीत ठेवलं.

त्या रोपाचे लाड काय सांगू! पहिलं फूल आलं ते त्यानं खुडून टाकलं. बायको चिडली. "अहो, आलेलं फूल कुणी तोडतं का?"

"आधी झाडाला अंग धरू दे गं," तो म्हणाला.

झाड वाकलं तेव्हा जुन्या ब्रशचा दांडा रोवून त्यानं आधार दिला. अखेर एक मिरची धरली आणि वाढून मुठीएवढी झाली. हिरवीगार.

"काढू?" बायकोनं विचारलं.

"हात लावायचा नाही! लाल होऊ दे. जन्मभर डब्यातला लाल ढवळला. आपोआप चढणारा लाल एकदा बघायचाय मला."

डॉक्टर तिला दाराबाहेर नेऊन काय ते सांगून गेले होते. रोज सकाळी ती आधी मिरचीकडे बघायची, मग नवऱ्याकडे. तिला एकच घोर होता, मिरची वेळेत लाल होईल ना?

एका सकाळी मिरचीवर काळपट डाग उमटला. रंगारी हरखला. "आता चढणार बघ रंग! लाल व्हायच्या आधी अशीच काळवंडते ती."

नेमकी त्याच दुपारी त्याची धाकटी बहीण आली. वहिनी औषधं आणायला गेलेली, दादा झोपलेला. तिनं तो डाग पाहिला. "अगंबाई, ही तर सडायला लागली!" म्हणत तिनं कात्री लावली आणि दादासाठी मायेनं भाजी केली. अहो, मी ओरडणार तरी कशी?

बायको परत आली तेव्हा ताट त्याच्या हातात होतं.

"वहिनी, बरं झालं मी आले," नणंद म्हणाली. "वाया गेली असती."

बायकोनं माझ्यातल्या कापलेल्या देठाकडे बघितलं. ती काही बोलणार, तेवढ्यात त्यानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

"छान झालीय," तो बहिणीला म्हणाला. "गोड लागतेय."

त्यानं ताट स्वच्छ केलं. कढईतला उरलेला तुकडा बायकोनं तोंडात टाकला. कडवट होता. मला पाणी घालायच्या निमित्तानं ती खिडकीशी आली आणि तोंडावर हात दाबून रडली.

त्याच आठवड्यात तो गेला.

मग माझ्याकडे बघायची कुणाला शुद्ध होती? माती भेगाळली, पानं गळाली. ती गळाली तेव्हा खाली दडलेली एक इवलीशी मिरची उघडी पडली. लालभडक! बायको केर काढता काढता थबकली. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि रिकाम्या खाटेवर नेऊन ठेवलं.

"अहो, बघा ना," ती म्हणाली. "झाली लाल."

मित्रांनो, मी जुनी बादली, तुम्हाला काय शिकवणार? पण कुणाच्या खिडकीत काही राखून ठेवलेलं दिसलं, तर कात्री लावण्याआधी तेवढं विचारा, "हे कुणासाठी ठेवलंय?" त्या दुपारी एवढं कुणी विचारलं असतं, तर तो लाल माझ्या रंगाऱ्यानं बघितला असता.