बांगडीचा चरा

त्या वर्षी मोतीराम काकडचं नशीब फळफळलं होतं. निदान तो तरी ज्याला त्याला असंच सांगत सुटला होता. २००३ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. देवळालीतले जुने बंगले विकले जात होते आणि त्यांतून निघणाऱ्या रेकॉर्डी अशा कोऱ्या, की जणू कोणी कधी वाजवल्याच नाहीत. "लोकं काय जपायची राव वस्तू," असं म्हणून तो मान हलवायचा.

मोतीराम मखमलाबादचा फूलवाला. शेतात गुलाब, शेवंती, आणि घरातल्या मागच्या खोलीत अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल संगीताच्या रेकॉर्डींच्या चळतीच्या चळती. पोरवयात तो देवळालीला एका पारशी बाईंकडे सायकलवरून फुलं टाकायला जायचा. तिथं हे गाणं कानावर पडलं आणि गड्याला बाधा झाली म्हणा ना. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण गाणारा कुठल्या दुःखातून ओरडतोय ते बरोबर कळायचं. गाणं लागलं की हा डोळे मिटून बसायचा, मग दारात कोण का येईना. बायको सुलाबाई म्हणायची, "लागली ह्यांची समाधी."

पुढं वय वाढलं तसा हा या नादातला जाणकार झाला. मूळ अमेरिकी प्रेसिंग, म्हणजे पहिली छपाई, की मागाहून काढलेलं, हे लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला बारीक नंबर वाचून सांगायचा. कोरी की घासलेली, हे रेकॉर्ड उन्हात तिरकी धरून. केसाएवढा चरा असला तरी किंमत निम्म्यावर यायची, त्यामुळे सगळा खेळ नजरेचा. मोतीरामने 'कोरी' म्हटलं की पुण्यामुंबईचे शौकीन न बघता घेत. आणि या गोष्टीचा त्याला माज होता, खोटं कशाला बोला.

रविवारी सकाळी स्वराज आला. गंगापूर रोडला राहणारा, कंप्युटरच्या नोकरीतला तरुण, मोतीरामचं नेहमीचं गिऱ्हाईक. मागच्या आठवड्यात नेलेली रेकॉर्ड त्यानं पिशवीतून काढली.

"काका, राग मानू नका. हिच्यावर चरे आहेत."

"तुझ्या सुईनं पाडले असतील."

"अजून वाजवलीच नाही हो. खिडकीशी धरून बघितली फक्त."

मोतीरामने फणकाऱ्यानं रेकॉर्ड घेतली आणि अंगणातल्या उन्हात तिरकी केली. काळी, तुळतुळीत, पाण्यानं पुसल्यासारखी. एक रेघ नाही. आता याला चांगलं सुनवावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात स्वराजने बोट पुढं केलं.

"हा बघा, लेबलापासून पार कडेपर्यंत. आणि त्याच्या शेजारी हे आणखी तीन. एवढे ठळक कसे सुटले तुमच्या नजरेतून?"

बोट जिथं फिरत होतं तिथं मोतीरामला नुसता काळा चकाकता रंग दिसत होता. त्यानं रेकॉर्ड आणखी तिरकी केली.

"हां हां," तो म्हणाला. "दिसतंय की. घाईत राहिलं असंल."

"पैसे नकोत मला. हिच्या बदल्यात दुसरी द्या, तुमच्या हातानं निवडून. तुमच्या शब्दावर तर घेतो मी."

मोतीराम चळतीकडं वळला. हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. कुठली काढणार? त्याला तर सगळ्याच कोऱ्या दिसत होत्या. "पुढच्या रविवारी ये," तो कसाबसा म्हणाला. स्वराज बिचारा मोटरसायकलला किक मारून गेला.

मोतीराम खोलीत येऊन खाली बसला. बंगलेवाल्यांनी काही जपलं नव्हतं तर. वर्षभर माल होता तसाच येत होता, घासलेला नि चरे पडलेला. आणि आपण त्यावर 'कोरी' म्हणून शिक्का मारत होतो. मग एकेक आठवायला लागलं. पट्टीतले नंबर हल्ली फिके वाटायचे, म्हणून तो नुसत्या वजनावरून प्रेसिंग ठरवून मोकळा व्हायचा. परवा सुलाबाई म्हणाली होती, "करपलेल्या कडांचे गुलाब काय भरता जुडीत?" तेव्हा तो तिच्यावरच खेकसला होता.

त्याच्या बापाचं, लहानूबाबाचं, असंच झालं होतं. साखरेच्या आजारानं आधी डोळे नेले आणि म्हातारा पुढं किती वर्षं ओट्यावर बसून होता. पाऊल वाजलं की विचारायचा, "कोण हाय?" मोतीराम वैतागून म्हणायचा, "मीच हाय, दर वेळी काय विचारता?" आता साखर मोतीरामलाही होती. डॉक्टरांनी डोळे तपासायला सांगितलं होतं, आणि यानं लग्नसराई होऊ द्या, मग बघू, असं म्हणून कागद खिशात घातला होता. लग्नसराया आल्या नि गेल्या.

खात्री करायचा एक मार्ग होता. तो सुचला तसा मोतीराम उठला.

पारशी बाईंनी दिलेली पहिली रेकॉर्ड त्यानं कपाटातून काढली. तिच्यावर एक चरा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुलाबाईनं कौतुकानं धूळ पुसायला घेतली आणि तिच्या हातातली बांगडी रेकॉर्डवरून फिरली. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. तो चरा त्याला स्वतःच्या तळहातासारखा पाठ होता, मधोमध, जरासा वाकडा.

तो उन्हात गेला. रेकॉर्ड तिरकी धरली. काही नाही. बाजू चुकली असेल म्हणून उलटली, तिथंही काही नाही. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, भिंग लावलं, भिंगात काळा रंग तेवढा मोठा झाला. मग एक वेडी आशा त्याच्या मनात आली, की ही रेकॉर्ड ती नसेलच. कधीतरी कव्हरांची अदलाबदल झाली असेल. देवा, एवढं होऊ दे, माझी आवडती हरवलेली असू दे.

त्यानं ती लावली. सुई कडेवर टेकवताना दोनदा हुकली. गाणारा ओळखीच्या आवाजात सुरू झाला. पहिलं कडवं स्वच्छ गेलं आणि मोतीराम श्वास रोखून बसला. दुसरं कडवं लागलं.

टक्. टक्. टक्.

दारात सुलाबाई आली. हार ओवता ओवता उठलेली, हातात सुई-दोरा.

"अजून माझ्या बांगडीच्या नावानं बोटं मोडता का काय?" ती हसली. मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "अहो, आज डोळे उघडे ठेवून ऐकताय ते? मिटा की नेहमीसारखे."

उजेडाकडं पाठ करून ती उभी होती. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"नाय मिटवत, सुले," तो म्हणाला. "भीती वाटते."