बारा ते एक

वेल्डरने खिडकीची काच ठोशानेच फोडली. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कारकुनाची गचांडी धरून त्याने त्याला टेबलावरून अर्धवट बाहेर ओढलं आणि तोंडावर दणका दिला. दुसऱ्या दणक्याला ओठ फुटला.

"एक तास म्हणालास! एक तास!"

"मी... बाराला उडतं, एकला उतरतं, एवढंच..."

"मग बारा ते एक किती होतात रे? शाळेत काय नुसता डबा खायला गेलास?"

शिपाई मधे पडला, तर त्याच्या बरगडीत कोपर बसलं. "पोलिसांना बोलावतो," तो भिंतीला टेकून कण्हला. कारकुनाने हातानेच नको म्हटलं. वेल्डरचा एक डोळा सुजून मिटला होता. तो मार इथला नव्हता.

"हे कुणी केलं?" कारकुनाने विचारलं.

"दादानं. दारातच, चार लोकांत." वेल्डरची मूठ अजून वरच होती. "आई गेली. विमानात चढताना त्याला फोन केला, तासाभरात उतरतो, तिला नेऊ नका. त्यानं दोन तास वाट बघितली. म्हणाला, आईच्या बाबतीतसुद्धा थापा मारतोस! मी पोचलो तेव्हा लोक खुर्च्या उचलत होते. तोंड नाही बघायला मिळालं तिचं."

कारकुनाला उलगडा झाला. तिकिटावरची वेळ ज्या त्या शहराच्या घड्याळाची असते. दादाचं शहर इथल्यापेक्षा दोन तास मागे. विमानाला लागतात तीन. नेहमीच्या प्रवाशांना हे ठाऊक असतं, म्हणून तो सगळ्यांना एका दमात तेवढंच सांगायचा. हा माणूस पहिल्यांदाच विमानात बसला होता.

हिशेब तूच चुकवलास, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. देवाची कृपा म्हणायची, ते रक्ताबरोबर गिळलं गेलं.

"दादाला फोन लाव."

"शिव्या घालेल तो."

"घालू दे. आज माझा मुहूर्तच तसा आहे."

फोन लागला. "मी तिकीटवाला बोलतोय. तुमचा भाऊ खोटं बोलला नाही. विमान तीन तासांचं होतं. तुमची घड्याळं आमच्या मागे चालतात, हे मी त्याला सांगितलं नाही. काय बोलायचं ते मला बोला."

दादा बोलला. आईबहीण एक केली, हात तोडीन म्हणाला, दुकान जाळीन म्हणाला. कारकून ओठाला रुमाल लावून ऐकत राहिला. मग एकाएकी आवाज खाली आला.

"म्हणजे... मी आणखी थोडा थांबलो असतो, तर..."

वेल्डर खाली बसून फुटलेल्या काचा उघड्या हाताने गोळा करत होता.

मग दादा म्हणाला, "त्याला विचारा, जेवलाय का."

कारकुनाने विचारलं. वेल्डरने मान न उचलताच हलवली.

"नाही म्हणतोय," कारकून फोनमध्ये म्हणाला.