माझ्या पाठीवर बर्फ धरला तेव्हा

कमरेइतकी उंच, दुहेरी भिंतीची स्टीलची टाकी मी. आता जुनी झाले आहे. मित्रांनो, एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, द्रवरूप नायट्रोजनच्या उणे एकशे शहाण्णव अंशांच्या थंडीत मी मूलपेशी सांभाळत असे. मूलपेशी म्हणजे अजून काहीच न झालेल्या, पण पुष्कळ काही होऊ शकणाऱ्या पेशी. छाटलेल्या फांदीला कोंब फुटतो तो अशाच पेशींमुळे, आणि तुमच्या हाडांत रोज नवे रक्त तयार होते तेही त्यांच्यामुळेच.

माझ्या दोन भिंतींमधली हवा कारखान्यातच काढून घेतली होती. त्या पोकळीमुळेच थंडी आत टिकायची. अकरा वर्षे मी कुरकुर केली नाही. डॉक्टरीणबाई पाहुण्यांसमोर मला थोपटत, "ही आमची सगळ्यात भरवशाची!" पुढे त्या भरवशापायीच माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. तंत्रज्ञ माझ्यातला द्रव न मोजताच कालचा आकडा आज लिहू लागला. धोक्याची घंटा बंद पडली, ती तशीच राहिली.

एका सकाळी माझा तळाचा जोड उसवला. केसाएवढी फट, पण पोकळीत हवा शिरली आणि नायट्रोजन वाफ होऊन उडू लागला.

माझ्या पोटातल्या अनेक पिशव्यांत एक लहानशी पिशवी होती. एक बाळ जन्मले तेव्हा त्याच्या नाळेतून घेतलेले, मूलपेशी असलेले रक्त. वरच्या मजल्यावर त्या बाळाची नऊ वर्षांची ताई होती. तिच्या हाडांतल्या रोगट पेशी औषधांनी मुद्दाम मारल्या होत्या, आणि दुपारी ही पिशवी तिला चढवायची होती. ती आधीच वितळली असती, तर पोरीजवळ काहीच उरले नसते.

द्रव वीतभर राहिला. मग चार बोटे. मी भीतीने नुसती करकरत होते.

फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात मला लागला. "अगं बाई! हिला बाहेरून बर्फ कसा धरला?"

"थंडच असते ती, मावशी," तंत्रज्ञ मान न उचलता म्हणाला.

"आतून असते. बाहेरून कोरडी असते, रोज पुसते मी. ऊठ आधी!"

त्याने झाकण उघडून मोजपट्टी घातली आणि तो पांढराफटक पडला. "मावशी, या वाफेनं गुदमराल, दारं सताड उघडा आणि बाहेर व्हा!" जाड हातमोजे चढवून तो एकेक पिशवी उचलू लागला. शेवटची पिशवी शेजारच्या टाकीत गेली, तेव्हा माझ्या तळाला जेमतेम बोटभर द्रव होता.

"त्या पोरीच्या आईला काय सांगू?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"खरं सांगा," तो म्हणाला. "चूक माझी, हेही सांगा."

पोरीसाठी दुसरा मार्गच नव्हता. दुपारी पिशवी चढवली. पेशी रुजल्या की नाही, हे कळायला आठवडे लागणार होते. तंत्रज्ञ नीट जेवेना. चोविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाई जिना उतरून आल्या. "रुजल्या! पोरीच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढायला लागल्यात." तो मावशींच्या पदरात तोंड खुपसून रडला.

आता मी रिकामी, जिन्याखाली उभी आहे. माझ्या जागी नवी टाकी आली आहे, आणि शेकडो कुटुंबांची आशा तिच्या पोटात आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. तेवढे तिच्याकडे रोज बघत जा.