ह्यांच्या नावावरची झोप

सिग्नलला बस उभी असताना ह्यांचा डोळा लागला. मागे शाळेची तीस पोरं. एक चिमुरडी ओरडली, "ड्रायव्हरकाका, हिरवा झाला!" म्हणून निभावलं. तपासणीत कळलं, झोपेत ह्यांचा श्वास सारखा अडतो. रोज रात्री मशीनचा मास्क लावून झोपायचं. एकवीस रात्रींचा अहवाल चांगला आला, तरच बस परत मिळणार होती.

हे मास्क लावायचे, पण तासाभरात झोपेतच ओरबाडून फेकायचे आणि घोरायला लागायचे. सकाळी वर थाटात म्हणायचे, "अगं, काही जाणवतसुद्धा नाही!" जाणवेल कसं? दिवसभर मात्र गॅलरीत उभे राहून दुसऱ्यांच्या बसचे हॉर्न ऐकायचे. मला ते बघवेना. तिसऱ्या रात्री फेकलेला मास्क मी उचलला आणि स्वतःच्या नाकाला बांधला. नाक कुणाचं, हे मशीनला थोडंच कळतं!

आणि काय सांगू, मला चटकच लागली. नळीतून गार हवा यायची आणि खोली हळूहळू पाण्यानं भरायची. कपाट, खुर्ची, ह्यांचा खाकी शर्ट, सगळं अलगद तरंगायला लागायचं. मी तळाशी चालत राहायचे, गुडघे न दुखता. एकदा तर शाळेची बसच आली पाण्यातून, आवाज न करता. पोरं खिडक्यांतून हात हलवत होती. मीही हलवला.

सकाळी मी ताजीतवानी. हे चहाच्या कपावर पेंगत असायचे. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेत होते, दुसरं काय.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरबाई अहवाल बघून खूश झाल्या. "फारच छान. श्वास जवळजवळ कुठेच अडलेला नाही. सोमवारपासून बस चालवा."

शेजारच्या खुर्चीत ह्यांची मान छातीवर पडली होती. घोरणं चालू होतं, मग तेही थांबलं. मी मनात आकडे मोजू लागले. अकरा झाले, बारा झाले, श्वास नाही. अठराव्याला त्यांनी धापकन हवा ओढली. डोळे मिटलेलेच होते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "हा अहवाल माझ्या झोपेचा आहे."

आवाजानं हे जागे झाले. माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले.

"काय गं, मिळाली ना बस?"

"नाही," मी म्हणाले. "मी मिळू दिली नाही."