‘आपण’ म्हणजे कोण?

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमात गुरुनाथकाकांना वीस मिनिटं दिली. तीही कुठे, तर पोरांचा नाच आणि जेवण यांच्या मधोमध, म्हणजे लोकांचं अर्धं लक्ष मागच्या पातेल्यांकडे. पण काकांनी कुरकुर केली नाही. बहात्तराव्या वर्षी मुलाकडे येऊन राहिलेल्या माणसाच्या हाती कोणी माइक देतं हेच पुष्कळ, आणि काकांना तो एकाच कामासाठी हवा होता. त्यांना आभार मानायचे होते.

आभार भाऊसाहेब खर्शीकर नावाच्या वकिलाचे, ज्यांना काकांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. इंग्रजांच्या अमदानीत भाऊसाहेब मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. आंबेवहाळच्या खोऱ्यात तेव्हा हिवतापानं घरंच्या घरं आडवी झाली होती. सरकारनं तिथं काय बांधलं, तर पोलिसांची नवी चौकी! फौजदार तापानं फणफणलेल्या माणसांना उठवून वेठीला नेई. भाऊसाहेबांनी मंडळात उभं राहून विचारलं, चौकीला पैसा आहे, मग कोयनेलच्या गोळ्यांना का नाही? सरकारचं उत्तर ठरलेलं : ‘माहिती मागवली आहे.’ पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तोंडाला पानं पुसावीत तर त्या सरकारनं! भाऊसाहेब मात्र विचारत राहिले, आणि कधीतरी खोऱ्यात एका खोलीचा दवाखाना आला. तिथल्या कोयनेलवर जी पोर जगली, ती काकांची आई. “त्या माणसानं विचारलं म्हणून तू आहेस,” असं ती जन्मभर म्हणायची.

तो प्रसंग काकांनी नाटुकल्यात बसवला. भाऊसाहेबांचं काम त्यांचा मुलगा शंतनू करणार होता. पण आयटीवाल्याचा काय भरवसा! ऐन वेळी तो म्हणाला, “बाबा, सॉरी, माझं रिलीज पुढे ढकलून नेमकं त्याच दिवशी आलंय. माझं कॅन्सल करा.” काकांचं घोडं तिथंच अडलं. मग बदली म्हणून मिळाली नेत्रा.

नेत्रा शेजारच्या सुवर्णाची मुलगी. जन्म इथलाच, नोकरी एका क्लिनिकच्या ऑफिसात, उत्साह दांडगा. मराठी घरगुती : आईला तू, मावशीला तू, काकांनाही तूच. संवाद तिनं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले. एका शब्दाशी मात्र तिचं काही केल्या जमेना.

“सरकारला मानानं ‘आपण’ म्हणायचं,” काकांनी सांगितलं. “म्हण, ‘आपण हा पैसा कुठे खर्च केला?’”

“But आपण means we! आई म्हणते ना, आपण जेवू या, आपण शॉपिंगला जाऊ या.”

“अगं, तो आपण वेगळा, हा वेगळा.”

“पण काका, असं म्हटलं तर वाटतं की we spent it. आपण नाही केला ना खर्च. त्यांनी केला.”

काकांनी हात टेकले. “तू नुसतं पाठ कर बाई,” ते म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी सरकार झाला होता शैलेंद्र, मंडळाचा हौशी नट. भाड्याचा काळा कोट घालून तो असा काही ऐटीत खुर्चीवर बसला की बसल्याबसल्याच हशा वसूल. काका विंगेत हात चोळत उभे. लोक हसले तर हसोत, पण भाऊसाहेबांना हसू नयेत एवढीच त्यांची इच्छा होती. आईच्या वतीनं जे म्हणायचं ते म्हणायची ही त्यांची पहिली वेळ होती, आणि या वयात शेवटचीही असू शकत होती.

नेत्रा झकास बोलत होती. चौकीचं झालं, तापाचं झालं. मग तो शब्द आला. “आप...” म्हणून ती थांबली. कपाळाला आठी पडली.

“तू हा पैसा कुठे खर्च केलास?” नेत्रानं विचारलं.

सभागृह खो खो हसलं. शैलेंद्रला तर आयतं कोलीत मिळालं. “सन्माननीय सभासदांनी सरकारला ‘आपण’ म्हणावं!” तो गरजला, आणि हशा दुप्पट झाला. गेलं सगळं, विंगेत काकांना वाटलं. भाऊसाहेबांचं हसं झालं, आणि तेही आपल्यामुळे.

नेत्रा हसली नाही. तिनं कागद खाली ठेवला.

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. “आपण म्हणजे तू आणि मी. पैसा आपण नाही खर्च केला. पैसा तू खर्च केलास. ताप आम्हाला आला.”

तिनं खुर्चीकडे बोट रोखलं.

“तुझा पोलीस आजारी माणसाला ‘ए, ऊठ’ म्हणतो. त्याला कोण सांगतं, आपण म्हण म्हणून?”

शैलेंद्रची ऐट उतरली. “माहिती... मागवली आहे,” तो कसंबसं म्हणाला. तोच मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “कधी मागवली?” दुसरीकडून, “येणार कधी?” बघता बघता अख्खं सभागृह विरोधी पक्षात जाऊन बसलं, आणि टाळ्या थांबेनात.

काका माइकपाशी गेले. चार पानांचं भाषण खिशात होतं, ते खिशातच राहिलं. “मंडळी, पुढे तिथं दवाखाना झाला,” ते म्हणाले. “माझी आई वाचली. भाऊसाहेब, फार उपकार झाले.” एवढं बोलून ते खाली उतरले.

नेत्रा पायरीशीच उभी होती. “सॉरी काका, तुझं वाक्य मी स्पॉइल केलं.”

“बरं केलंस. तू बोललीस ते भाऊसाहेबांच्या मनात असणारच. म्हणता आलं नसेल.”

“त्यांना कळलं? की तुझी आई वाचली?”

“नाही गं. दवाखाना उघडायच्या आधीच ते गेले. त्यांना शेवटपर्यंत ते एकच उत्तर मिळालं.”

“And he still kept asking?”

“हो. विचारतच राहिले.”

नेत्रा हळूच म्हणाली, “आमच्या क्लिनिकला एक चिनी आजी दर आठवड्याला नातवाकडून फोन करवते. तिला इंग्लिश येत नाही, इंटरप्रिटर पाहिजे. मी दर वेळी म्हणते, we’re looking into it.” तिनं वर पाहिलं. “काका, ते म्हणजे माहिती मागवली आहे, ना?”

काकांनी मान हलवली.

“सोमवारी मी तिला इंटरप्रिटर मिळवून देते. जाऊन बसते मॅनेजरच्या केबिनमध्ये. हो म्हणेपर्यंत उठत नाही.”

काकांचे डोळे भरून आले. आपले आभार भाऊसाहेबांना पोचले, असं त्यांना त्या क्षणी अगदी खरं वाटलं. त्यांनी नेत्राच्या डोक्यावर हात ठेवला.

“थँक्यू, बाळा,” ते म्हणाले.